खुन्याची कैफियत

भाईंदरच्या खाडीपासून दहिसरच्या नाक्यापर्यंत आणि उत्तनच्या किनाऱ्यापासून घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत पसरलेल्या मीरा-भाईंदर या शहराचा इतिहास ज्यांनी लिहिला, त्यांनी चिमाजी अप्पांची वसईची मोहीम लिहिली, मिठागरे लिहिली, रेल्वे लिहिली आणि खाजणांवर उभ्या राहिलेल्या इमारती लिहिल्या. परंतु त्या इमारतींत राहायला आलेल्या कुटुंबांनी रात्री जेवणाची ताटे पुढ्यात घेऊन दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर वर्षानुवर्षे जो न्यायनिवाडा चालवला, त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात झालेली नाही. तो निवाडा पुष्कळदा खुन्याच्या बाजूने लागत आला आहे. सरसकट प्रत्येक खुन्याच्या नव्हे. द्रव्यलोभाने किंवा वासनेने खून करणाऱ्याला येथील प्रेक्षक क्षणभरही दया दाखवीत नाही. परंतु ज्याच्या बहिणीची अब्रू गेली, ज्याच्या बापाला फसवून देशोधडीला लावले गेले, ज्याचे लेकरू कोणा मुजोराच्या गाडीखाली सापडले, असा मनुष्य जेव्हा सूड घेतो, तेव्हा त्याला पकडणाऱ्या पोलिसापेक्षा त्याच्याविषयीच घरातल्या माणसांना अधिक कळवळा येतो. या कळवळ्याची वहिवाट किती जुनी आहे आणि तिच्यात आदरणीय काय व चिंताजनक काय, हे पाहिले पाहिजे, असे मला फार दिवस वाटत आले आहे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ साली स्थापन झाली. म्हणजे हे शहर आणि ही पेटी यांची वाढ जवळजवळ एकाच पिढीत झाली. गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींत एखाद्याच बिऱ्हाडी दूरदर्शन संच असे आणि सगळा मजला त्या खोलीच्या दारात दाटीवाटीने बसे. पुढे गिरणीसंपानंतरच्या काळात, जागेच्या किमती परवडेनाशा झाल्यावर, त्याच चाळींतली कितीतरी कुटुंबे पश्चिम रेल्वेच्या रुळांच्या कडेने सरकत सरकत मीरा रोड आणि भाईंदर येथे आली, आणि शांतीनगरसारख्या वसाहतींतील एका खोलीच्या का होईना पण स्वतःच्या घरात त्यांनी स्वतःचा संच ठेवला. चाळीतला निकाल दहा जणांच्या समोर बोलून दाखवावा लागे आणि त्याला कोणीतरी हरकत घेई. बंद दाराच्या सदनिकेत तो निकाल घरच्या चार माणसांत लागू लागला. गुन्हेकथेच्या प्रेक्षकाच्या मनोवृत्तीचा विचार करताना हा फरक मला लहान वाटत नाही.

मराठी घरांत पोलीस-तपासाची गोडी दूरचित्रवाणीवरून ज्या मालिकेने लावली, ती ऐंशीच्या दशकातील 'एक शून्य शून्य'. मुंबई पोलिसांना मदतीसाठी फिरवायचा दूरध्वनी क्रमांक हेच तिचे नाव होते आणि पोलिसांच्या दफ्तरातील खऱ्या प्रकरणांवर तिचे भाग आधारलेले असत. तिचे कर्ते बी. पी. सिंग हे मूळचे दूरदर्शनचे वृत्तछायालेखक, आणि तिच्यातील एक प्रमुख अभिनेते शिवाजी साटम. याच जोडीने पुढे २१ जानेवारी १९९८ रोजी सोनी वाहिनीवर 'सीआयडी' आणली. ती २०१८ सालापर्यंत अखंड चालून दीड हजारांहून अधिक भागांची झाली आणि २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. एसीपी प्रद्युम्न, दया, अभिजीत आणि प्रयोगशाळेतले डॉक्टर साळुंखे ही नावे आगरी, मालवणी, गुजराती, उत्तर भारतीय अशा सर्व घरांत सारखीच रुळली. आज काशिमिरा, घोडबंदर रस्ता आणि खाडीपलीकडचा नायगाव या पट्ट्यात मालिकांचे सेट उभे राहतात, आणि त्या सेटांवर दिवे धरणारे, रंगभूषा करणारे, कधी मुडदा म्हणून तर कधी शिपाई म्हणून उभे राहणारे कितीतरी लोक मीरा रोडलाच राहतात. प्रेक्षक आणि कारागीर एकाच जिन्याने चढतात-उतरतात, असे शहर महाराष्ट्रात क्वचितच असेल.

अशा मालिकेच्या सूडकथेतील शेवटची दहा मिनिटे नीट पाहावीत. तोपर्यंत प्रेत सापडलेले असते, पंचनामा झालेला असतो, केसाचा एखादा तुकडा, बोटाचा ठसा, तुटलेले बटण असा मुद्देमाल गोळा झालेला असतो, दोन-तीन निरपराध्यांवर संशय येऊन गेलेला असतो. मग खरा गुन्हेगार समोर उभा केला जातो, त्याच्या थोबाडीत बसते, आणि 'का मारलेस' या एका प्रश्नासरशी चित्राचा रंग बदलतो. फिकट, धूसर प्रकाशात आपल्याला एक लहान घर दिसते. शाळेच्या गणवेशातली बहीण, शिवणयंत्रावर बसलेली आई, दारात उभा सावकार किंवा श्रीमंताचा मुलगा. संगीत संथ होते. जो मनुष्य आतापर्यंत केवळ एक सावली होता, त्याला आता नाव, बालपण आणि अश्रू मिळतात. आणि ज्याच्या मृत्यूपासून कथेचा आरंभ झाला होता, तो मृत मनुष्य या दहा मिनिटांत दुसऱ्यांदा मरतो, कारण त्याची दुष्कृत्ये एकामागून एक उघड होतात आणि त्याच्या बाजूने बोलायला कोणीही उरत नाही. अखेरीस वरिष्ठ अधिकारी गंभीर मुद्रेने सांगतो की कायदा हातात घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे वाक्य खरे आहे. पण ते उच्चारले जाते तेव्हा घरातील निकाल देऊन झालेला असतो.

ही रचना मालिकावाल्यांनी शोधून काढलेली नाही. आपल्या रंगभूमीला ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. भट्टनारायणाच्या वेणीसंहारात भीम दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी द्रौपदीची मोकळी वेणी बांधतो, आणि शेकडो वर्षे रसिकांनी त्या बीभत्स प्रसंगातून वीर व रौद्र रसांचाच आस्वाद घेतला. मराठीत तर याहून स्पष्ट उदाहरण आहे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले, आणि प्रेक्षकाने कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झनला पाहिले, सैरंध्रीच्या जागी मातृभूमीला पाहिले, संयम शिकवणाऱ्या युधिष्ठिरात मवाळांना व रात्रीच्या अंधारात कीचकाला ठार करणाऱ्या भीमात जहालांना पाहिले. टाळ्या कोणाला पडत होत्या हे सरकारला समजत होते. म्हणूनच १९१० साली त्या नाटकाचे प्रयोग बंद करण्याचा हुकूम निघाला.

त्या काळी नाट्यगृह आणि सूड किती जवळ आले होते, याचे दुसरे उदाहरण त्याच सुमाराचे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन अनंत कान्हेरे यांच्या गोळीला बळी पडला, आणि बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा तो बदला आहे, असेच त्या कृत्याकडे पाहिले गेले. कान्हेरे व त्यांचे सहकारी कर्वे आणि देशपांडे यांना एप्रिल १९१० मध्ये ज्या ठाण्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली, ते कारागृह आपल्याच जिल्ह्यातले. त्याआधी २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी इंग्रज अधिकारी रँडवर गोळी झाडली ती प्लेगच्या बंदोबस्तातील जुलमांचा सूड म्हणून. १९७९ साली नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी त्या तारखेच्याच नावाने काढलेल्या चित्रपटात हाच इतिहास संयतपणे मांडला आहे. परकीय सत्तेविरुद्धचे कृत्य आणि शेजाऱ्याचा खून यांत महदंतर आहे, हे मला मान्य आहे, आणि दोहोंना एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. मला म्हणायचे आहे ते एवढेच की, मारणाऱ्याच्या बाजूने उभे राहून पाहण्याची दृष्टी मराठी माणसाच्या डोळ्यांना दूरचित्रवाणीने दिली नाही. ती त्याने पेटीसमोर बसताना बरोबर आणली.

कीचकाच्या कथेत एक तपशील असा आहे की ज्याकडे पुरेसे लक्ष जात नाही, आणि मला तो सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. सैरंध्री आधी दरबारात जाते. कीचकाने भरसभेत लाथ मारल्यावर ती विराट राजाकडे दाद मागते, सभासदांकडे दाद मागते. राजा मेहुण्याच्या बळाला भिऊन गप्प राहतो, सभा माना खाली घालते. फिर्याद अशी फेटाळली गेल्यानंतरच ती रात्री भीमाला उठवते. प्रेक्षकाची सहानुभूती भीमाला मिळते ती त्याच्या बाहुबलाबद्दल नव्हे, तर दरबाराचे दार ठोठावून झालेले असते म्हणून. आपल्या पूर्वजांनी सूडाला अशी एक कठोर अट घातली होती, आणि ती अट पूर्ण झाली की नाही हे प्रेक्षक जाणत होता.

अट मोडली तर सहानुभूती परत घेतली जात असे, हेही मराठी रंगभूमीने दाखवले आहे. १९७२ च्या डिसेंबरात प्रथम रंगमंचावर आलेल्या विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल'मध्ये चोरीचा खोटा आळ येऊन मार खाल्लेला, पुण्याबाहेर हाकलला गेलेला घाशीराम जेव्हा सूडाची प्रतिज्ञा करतो, तेव्हा सगळे प्रेक्षागृह त्याच्याबरोबर असते. पण पोटच्या मुलीच्या मोलाने कोतवाली मिळवून तो निरपराध्यांना छळू लागतो आणि आपण त्याच्यापासून पायरीपायरीने दूर होत जातो. शेवटी जमाव त्याला ठेचतो तेव्हा आपल्याला जमावाचीही शिसारी येते. १७९१ साली खरोखर घडलेल्या कोतवालाच्या हत्येवरून तेंडुलकरांनी इतके सूक्ष्म मोजमाप करून दाखवले की, सूडाला किती सहानुभूती द्यावी आणि ती कोठे थांबवावी, याचा त्याहून चांगला पाठ मराठीत नाही असे माझे मत आहे.

मुंबईच्या न्यायालयात मात्र एकदा हे मोजमाप चुकले. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या, आणि 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने सारे शहर नानावटींच्या बाजूने उभे केले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो निर्णय न पटल्याने प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथे जन्मठेप झाली, नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. ज्यूरीची पद्धती आपल्याकडे त्यानंतर फार काळ टिकली नाही. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला स्थान उरले नाही. नानावटींनी कोणत्या दरबाराचे दार ठोठावले होते? कोणाकडेही त्यांची फिर्याद पडून नव्हती. लोक भाळले ते त्यांच्या गणवेशावर, रुबाबावर आणि दुखावलेल्या पतीच्या मानावर; ती सहानुभूती, माझ्या दृष्टीने, सैरंध्रीला मिळालेल्या सहानुभूतीच्या जवळपासही जात नाही. ज्यूरी गेली, पण ज्यूरीत बसण्याची हौस गेली नाही. तिला दिवाणखान्यात जागा मिळाली.

वाचनाच्या बाजूने बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहून ही हौस पिढ्यान् पिढ्या पोसली; कायद्याच्या चौकटीबाहेर राहून दुर्जनांना शासन करणारा त्यांचा काळापहाड फिरत्या वाचनालयांतून घरोघर पोहोचला होता.

पाश्चात्त्य देशांतही हा प्रश्न जुना आहे. एस्किलसच्या नाटकात पित्याच्या खुनाचा सूड म्हणून मातेला मारणारा ओरेस्टीस अथेन्सच्या न्यायसभेपुढे उभा राहतो, मते समसमान पडतात आणि अथेना देवीच्या कौलाने तो सुटतो. सूडाची परंपरा थांबवून न्यायालय स्थापन करण्याचीच ती कथा आहे. शेरलॉक होम्सच्या १८८७ च्या पहिल्याच कादंबरीतील जेफरसन होप सूडासाठी दोघांना मारतो, पण लेखक त्याला खटल्यापर्यंत पोहोचू देत नाही; आजाराने आधीच त्याला नेतो. अगाथा ख्रिस्तीने १९३४ साली 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' लिहिताना एका बालिकेच्या मारेकऱ्याला ठार करायला बारा हात एकत्र आणले, ज्यूरीइतकेच, आणि तिच्या गुप्तहेर पॉयरोने त्यांना सोडून दिले. १९७४ च्या चित्रपटात सुटका झालेली मंडळी मद्याचे पेले उंचावतात. २०१० साली डेव्हिड सुशे यांनी दूरचित्रवाणीवर हीच कथा केली तेव्हा त्यांचा पॉयरो त्या बाराजणांवर संतापतो, कायदा मोडून पडला तर काय उरेल असे विचारतो, आणि अखेरीस त्यांना सोडून बर्फातून चालत जाताना त्याच्या हातात जपमाळ आणि डोळ्यांत पाणी असते. एकाच कथेची ही दोन रूपे पाहिली की, सहानुभूती देऊनही तिचे ओझे वाहणे शक्य असते, हे कळते. आपल्या मालिकांत असे ओझे वाहणारा अधिकारी मला फार थोड्या वेळा भेटला.

मराठी दूरचित्रवाणीवर मात्र एक अपवाद ठळक आहे. २०१७ साली झी युवा वाहिनीवर आलेल्या गिरीश जोशी लिखित, भीमराव मुडे दिग्दर्शित 'रुद्रम' या मालिकेत मुक्ता बर्वे यांची रागिणी, आपली माणसे ज्यात गेली तो अपघात नव्हताच असे कळल्यावर, एकेका दोषीच्या मागावर निघते. येथे सूड घेणारी व्यक्ती शेवटच्या दहा मिनिटांपुरती आलेली नाही. पहिल्यापासून आपण तिच्यासोबत चालतो, तिची झोप उडालेली पाहतो, आणि प्रत्येक मरणानंतर ती मोकळी होण्याऐवजी आणखी अडकत जाते हेही पाहतो. ठरावीक भागांत संपणारी ही मालिका लोकांनी मनापासून उचलून धरली. सूडाची किंमत सूड घेणाऱ्याला किती पडते, याचा हिशेब मांडणारे लेखन मिळाले तर आपला प्रेक्षक ते समजून घेतो, हे तिने सिद्ध केले.

प्रत्यक्षातले सर्वांत भयंकर उदाहरण नागपूरचे. १३ ऑगस्ट २००४ रोजी, अनेक वर्षे कस्तुरबानगरच्या स्त्रियांवर अत्याचार करणाऱ्या अक्कू यादवला जिल्हा न्यायालयात आणले असता, शेकडो स्त्रियांच्या जमावाने न्यायालयाच्या दालनातच त्याला ठार केले, आणि आम्ही सगळ्यांनी मारले, सगळ्यांना पकडा, असे त्या वस्तीने सांगितले. २०१४ साली पुराव्याअभावी आरोपी सुटले. २०२२ साली त्यावर मालिकाही आली. जेथे न्याय मिळायचा त्याच खोलीत हे घडले. त्या स्त्रियांनी पोलीस ठाण्याचे दार किती वेळा ठोठावले होते, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना सैरंध्रीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्या स्त्रियांविषयी मला आदर वाटतो आणि त्या दिवसाविषयी भय वाटते. या दोन भावनांपैकी एकही मला सोडता आलेली नाही.

माझा आक्षेप आहे तो येथे. आपल्या गुन्हे-मालिकांनी सूडकथेतले अश्रू ठेवले आणि फिर्याद गाळली. बहीण गेली, की भाऊ थेट विष मिळवायला निघतो. मधले ठाणे, अर्ज, तारखा, शिरस्तेदाराच्या टेबलासमोरची तिष्ठत उभी राहणारी माणसे, यांना वेळ नसतो. आणि मृताला मुळापासून नीच रंगवले की त्याच्यामागे राहिलेल्या बायकापोरांकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. प्रेक्षकाचा कळवळा खरा असतो, पण त्याच्यासमोर ठेवलेली कैफियत एकतर्फी असते.

आणि तरीही त्या प्रेक्षकाला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीत एक काकी राहत असत. नवऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेल्या घराचा ताबा दुसऱ्यालाच देऊन एक बांधकाम व्यावसायिक नामानिराळा झाला होता, आणि त्या भाड्याच्या खोलीत राहून वर्षानुवर्षे दावा लढवीत होत्या. तारीख असली की पहाटे डबा करून, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून त्या ठाण्याला निघत. आगगाडीने जायचे तर उलटे दादरपर्यंत जाऊन मध्य रेल्वेने पुन्हा वर यावे लागे. बसने जायचे तर घोडबंदर रस्त्याच्या गर्दीत तास मोडत. एवढे करून पुष्कळदा पुढची तारीख घेऊन परत. अशाच एका रात्री मालिकेतल्या पोराने आपल्या बापाला लुबाडणाऱ्या बिल्डरला मारल्याचे कबूल केले, तेव्हा काकी ताटावरून मान वर करून म्हणाल्या, "बरं केलं त्यानं!" आणि लगेच, "पण ह्याची आई आता तारखांना जाणार ना रे बाबा." या दोन वाक्यांत जेवढा न्यायविचार आहे तेवढा त्या मालिकेच्या संपूर्ण भागात नव्हता. पहिल्या वाक्यासाठी त्यांना कोणी रागवू नये. दुसरे वाक्य लिहू शकेल असा लेखक मालिकेला मिळावा.

या शहराच्या बाबतीत एक गोष्ट नमूद केली पाहिजे. लाखोंच्या वस्तीची येथे महानगरपालिका झाली २००२ साली. ठाणे ग्रामीण आणि पालघर जिल्हा पोलिसांकडून काढून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांसाठी स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाले ते १ ऑक्टोबर २०२० रोजी. आणि येथल्या माणसाला आपली फिर्याद घेऊन जाता येईल असे स्वतःचे दिवाणी व फौजदारी न्यायालय मीरा रोड येथे सुरू झाले ते मार्च २०२५ मध्ये.